हिसाएचा नंबर

"तुम्ही व्हा पुढे. मी थांबते, मला काही घाई नाही."

मार्चच्या पहिल्या रविवारी सकाळी हिसाए मोरिवाकीने हे वाक्य नवव्यांदा म्हटलं. छातीएवढ्या उंचीच्या काँक्रीटच्या उताराच्या वरच्या काठावर ती उभी होती. काठाला लोखंडी नळी बसवलेली. त्या नळीवर स्केटबोर्डचं शेपूट टेकवायचं, मागच्या पायाने ते दाबून धरायचं, फळीचा पुढचा भाग तसाच हवेत ठेवायचा, आणि मग पुढचा पाय फळीवर हाणून सगळ्या अंगानिशी खाली उतरायचं, एवढंच काम. शेपूट टेकवण्यापर्यंत सगळं ठीक व्हायचं. तेवढ्यात मागून कुणाच्या तरी चाकांचा खरखराट आला, की हिसाए फळी उचलायची, बाजूला सरकायची, कमरेत वाकायची आणि हात पुढे करून त्या माणसाला वाट द्यायची. हायस्कूलची पोरं गेली, त्यांच्यामागून दातांचे डॉक्टर शिराइशी गेले, एक मुलगी तर दोनदा जाऊन आली.

स्केटबोर्डच्या मैदानाचा व्यवस्थापक त्सुकुदा केबिनच्या खिडकीतून हे सगळं बघत होता. शेवटी त्याने भोंगा चालू केला.

"मोरिवाकीसान, तुम्ही इथे खेळायला येता की वाहतूक सोडायला?"

अख्खं मैदान हसलं. हिसाएही हसली, आणि भोंग्याकडे तोंड करून वाकली. "माफ करा हं!"

आता भोंग्याची कुणी माफी मागतं का? हिसाए मागायची. तिचं पोटच त्यावर चाललं होतं. हामाउरा गावात कुठेही रस्ता खणला, गॅसची नळी बदलली, नवं डांबर टाकलं, की तिथे निळा गणवेश घालून, डोक्यावर पिवळं शिरस्त्राण चढवून जी बाई लाल-पांढरे झेंडे घेऊन उभी असायची, ती हिसाए. गाडी थांबवायची आणि वाकायचं. गाडी सोडायची आणि वाकायचं. खोळंबलेला माणूस काच खाली करून वाट्टेल ते बोलला, तर आणखी खाली वाकायचं. कंपनीने पहिल्याच आठवड्यात भिंतीवर कोनमापक लावून शिकवलं होतं: साध्या गाडीला पंधरा अंश, थांबलेल्या गाडीला तीस, चिडलेल्याला पंचेचाळीस. एकोणीस वर्षं ती हेच करत होती. रस्ता तिच्यामुळे खणला जात नव्हता, तरी माफी तिनेच मागायची.

त्या दिवशी ती घरी निघाली तेव्हा केबिनच्या दारावर नवा कागद चिकटवलेला दिसला. एक एप्रिलपासून मैदानातला नवशिक्यांचा सपाट भाग बंद, तिथे सायकली ठेवायची जागा होणार. उरलेलं मैदान फक्त कार्ड असलेल्यांना. कार्डासाठी परीक्षा मार्चच्या शेवटच्या रविवारी: उतारावरून खाली यायचं, पलीकडच्या भिंतीला हात लावायचा, मध्ये पाय जमिनीला टेकवायचा नाही. प्रयत्न दोन. त्यापुढची परीक्षा पुढच्या वर्षी.

हिसाएने तो कागद उभ्याउभ्या तीनदा वाचला. रस्त्यावर फळी चालवायला बंदी, बंदरावर बंदी, देवळाच्या आवारात तर मोठी लाल पाटीच. म्हणजे कार्ड नाही मिळालं, तर संपलं.

"काय वाचतेस एवढं? लग्नपत्रिका आहे का?" मागून रिए ओत्सुबोने विचारलं.

रिए मासळी बाजारात लिलावाआधी मासे निवडायचं काम करायची. बर्फात हात आणि तोंडात शिवी, असा तिचा दिवस सुरू व्हायचा. वयाने हिसाएपेक्षा सात वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवसापासून तिने हिसाएला अगंतुगंच केलं. हिसाएला या फळीचा नादही तिनेच लावला होता.

दीड वर्षापूर्वी याच मैदानासमोर गॅसच्या नळीचं काम निघालं. सहा आठवडे हिसाए फाटकाबाहेर झेंडे घेऊन उभी. आत माणसं दिवसभर पडत होती, उठत होती, पुन्हा पडत होती, आणि कुणी कुणाची माफी मागत नव्हतं, याचंच तिला भारी नवल वाटायचं. एकदा दुपारी रिएची फळी फाटकातून सुटली आणि गडगडत सरळ रस्त्यावर आली. हिसाएने एका हाताने दुधाचा ट्रक थांबवला, पायाने फळी अडवली, ट्रकवाल्याला वाकली, फळी नेऊन दिली आणि रिएलाही वाकली.

"मला कशाला वाकतेस बाई? माझी फळी पळाली, माफी मी मागायला हवी," रिए म्हणाली. "बरं, पायाखाली अडवलीसच आहे तर चढून तरी बघ."

"छे छे! मी ड्यूटीवर आहे."

"जेवायची सुट्टी झाली ना? मग चढ."

हिसाए चढली. डोक्यावर कंपनीचं शिरस्त्राण, पायात कामाचे जड बूट. फळी हातभर पुढे गेली आणि हिसाए दाणकन मागे बसली. बसल्याबसल्या ती हसायला लागली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. असं शेवटचं आपण कधी हसलो होतो हे तिने नंतर आठवून बघितलं, तर आठवलंच नाही.

तेव्हापासून रविवार म्हणजे मैदान. पहिले दोन महिने नुसतं फळीवर उभं राहणं. मग एका पायाने जमीन मागे लोटत पुढे जाणं. मग वळणं. थांबणं. पडायचं कसं तेही शिकावं लागतं, हे तिला नवीनच होतं: तळहात टेकायचे नाहीत, गुडघ्यांवर बांधलेल्या प्लास्टिकच्या वाट्यांवर घसरायचं. "गुडघे वाकव, कंबर नको. नजर लांब ठेव. पायाकडे काय बघतेस, पाय कुठे जात नाहीत," असं रिए ओरडायची, आणि हिसाएला जमायचंही. हळू, पण जमायचं. सपाटीवर आता ती चांगली पन्नास मीटर न डगमगता जायची. अडलं होतं ते या एका उतारावर.

घरी कात्सुमी वाट बघत होता. हिसाएचा नवरा. फेरीबोटीवर तीस वर्षं दोरखंड ओढून आता निवृत्त होऊन घरी बसला होता, आणि बसल्याबसल्या जगातल्या सगळ्या गोष्टींबद्दल त्याची मतं पक्की झाली होती.

"आलात का खेळून? आज काय मोडलं?"

"काही नाही मोडलं."

"नाही, विचारून ठेवतो. हात मोडला तर सूप मला करावं लागेल. आधी सांगितलंत तर मिसो आणून ठेवीन."

"अहो, तुमच्या हातचं सूप प्यायचं तर हात मोडण्यापेक्षा जीभ मोडलेली बरी."

त्याने वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. रात्री मात्र तिच्या कमरेवर औषधी पट्ट्या त्यानेच लावल्या. पट्टी गार लागली की ती दचकायची, आणि तो म्हणायचा, "वय काय, चाललंय काय." हेही दर रविवारी ठरलेलं. त्या रात्री हिसाएने त्याला परीक्षेचं सांगितलं.

"मग?" तो म्हणाला. "नाही झालीस पास तर घरी बस. रविवारी झोपता तरी येईल."

तिला झोप नको होती. आठवड्यातले सहा दिवस गावातली दोन-तीनशे माणसं तिच्याकडे बघून भुवया चढवायची. सातव्या दिवशी मैदानात शिरलं की कुणीतरी "मोरिवाकीसान आल्या!" म्हणायचं. तेवढ्यासाठी ती जायची. हे नवऱ्याला कसं सांगणार? तो म्हणाला असता, मीही म्हणतो की, हिसाए आली.

पुढचे दोन आठवडे रिएने तिला नुसतं पिळून काढलं. बुधवारी आणि शुक्रवारी लिलाव आटोपला की रिए मैदानात हजर, आणि हिसाए काम संपवून तशीच गणवेशात.

"पुन्हा मागे झुकलीस!"

"मी नाही झुकले, अंगच झुकलं."

"अंग काय शेजारणीचं आहे? ऐक. तू मागे गेलीस की फळी पुढे पळते आणि तू पाठीवर. पुढे पडशील असं वाटेल ना, तेवढं पुढे जा. खड्ड्यात उडी मारल्यासारखं. पुढच्या पायाखाली झुरळ आहे असं समज आणि चिरड."

"मी झुरळं मारत नाही, बाहेर सोडते."

"अरे देवा," रिए म्हणाली. "तुला ना, झुरळानेच मारायला हवं."

मग रिएने खाली उभं राहून तिचे दोन्ही हात धरले. हात धरले की हिसाए उतरायची. एका हाताने धरलं तरी उतरायची. शेवटी नुसतं बोट. आणि मार्चच्या तिसऱ्या रविवारी रिएने बोटही काढून घेतलं, उतारावर येऊन हिसाएच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, "तू हो पुढे, मी तुझ्या मागून येते. मागे मी आहे म्हटल्यावर तुला परत फिरता यायचं नाही."

हिसाएने झुरळ चिरडलं.

चाकं काँक्रीटला लागली, आणि ती उभीच होती! उतार संपला तरी उभी, सपाटीवर वारा तोंडावर घेत ती चालली होती. अगं बाई, झालं की, असं काहीतरी ती मोठ्याने म्हणालीसुद्धा. तेवढ्यात डावीकडून डॉक्टर शिराइशी आले. ते आपल्या नादात वळण घेत होते, तिला बघून त्यांनी झटकन फळी बाजूला काढली आणि दोन पावलं धडपडले. पडले नाहीत, लागलं नाही. माणूस पुढे निघूनही गेला असता.

पण हिसाए थांबली. भर मैदानात फळीवरून खाली उतरली, टाचा जुळवल्या, दोन्ही हात मांड्यांना चिकटवले आणि डॉक्टरांना वाकली. चांगली पंचेचाळीस अंशात.

तिच्या मागून रिए उतारावरून सुटली होती. समोर अचानक वाकलेली बाई. रिएने अंग आडवं टाकलं, हिसाएला चुकवलं आणि उजव्या हातावर पडली. तो आवाज हिसाएने वाकलेल्या अवस्थेतच ऐकला.

मनगटाजवळ दोन ठिकाणी हाड मोडलं होतं. दोन महिने प्लास्टर.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हिसाए गडद रंगाचा कोट घालून, चांगल्या दुकानातला गोड वड्यांचा खोका कापडात बांधून रिएच्या दारात उभी राहिली. अशा वेळी जावं लागतं, आणि खोका दोन्ही हातांनी द्यावा लागतो. रिएने दार उघडलं तशी हिसाए दारातच गुडघ्यांवर बसली आणि कपाळ जमिनीला लावायला निघाली.

"थांब!" रिए ओरडली. "आता वाकलीस ना, तर हे प्लास्टर डोक्यात घालीन. ऊठ आधी."

"माझ्यामुळे तुझं काम बंद पडलं."

"पडलं. डाव्या हाताने मासे निवडता येत नाहीत, मी सकाळी करून बघितलं. साहेबाने मला हिशेबाच्या टेबलावर बसवलंय. तिथे कुणाला शिवी देता येत नाही, त्याचं दुःख जास्त आहे."

"मी ठरवलंय," हिसाए म्हणाली. तिने रात्रभर विचार केला होता. "मी मैदान सोडते. परीक्षेला बसत नाही. जबाबदारी माझी आहे, तर माघार मीच घ्यायला हवी. त्सुकुदासानना चिठ्ठी देऊन आलेय."

तिला वाटलं होतं, रिए ऐकून घेईल. आपल्याकडे मोठमोठ्या कंपन्यांचे साहेबसुद्धा हेच करतात: चूक झाली की वाकायचं आणि खुर्ची सोडायची, लोकांचं समाधान होतं. रिएचा चेहरा मात्र लालबुंद झाला.

"वा! म्हणजे माझा हात फुकट गेला?"

"तसं नाही गं..."

"मग कसं? दीड वर्षं मी घसा फोडला. काल पहिल्यांदा तू एकटी उतरलीस, मी मागून बघितलं, आणि त्यानंतर माझं हाड मोडलं. आणि तू सोडतेस? माझं काय भलं झालं त्यात? सांग ना! हिसाएसान, तुझ्या पडण्याने माझा हात मोडलेला नाही. तुझ्या माफीने मोडलाय. ती मागणं सोड, मैदान कशाला सोडतेस?"

हिसाएला रडू आलं. रिएने डाव्या हाताने खोका घेतला, दातांनी कापडाची गाठ सोडली आणि एक वडी तोंडात टाकली.

"चिठ्ठी परत आण. आणि पुढच्या वेळी खारट काहीतरी आण, गोड मला चालत नाही."

त्सुकुदाने चिठ्ठी उघडलीच नव्हती. "अशा चिठ्ठ्या मी सात दिवस ठेवतो," तो म्हणाला. "बहुतेक जण परत न्यायला येतात."

परीक्षेच्या रविवारी आभाळ स्वच्छ होतं आणि मैदानात गर्दी होती. सायकलींच्या जागेचं काम आधीच सुरू झालं होतं. सपाट भागाभोवती दोऱ्या बांधल्या होत्या, पलीकडच्या भिंतीवर आदल्या दिवशीच पिवळा रंग मारला होता. त्सुकुदाने बाकीचं मैदान मोकळं केलं नाही. "गर्दीत चालवता येतं की नाही, तेच तर बघायचंय," असं त्याचं म्हणणं. तो हातात कागद घेऊन उताराखाली उभा राहिला. हिसाएचा नंबर चौथा. तिच्या मागे आणखी तिघं. रिए प्लास्टरचा हात गळ्यात बांधून बाकावर बसली होती.

पहिल्या प्रयत्नाला हिसाए मागे झुकली. फळी बंदुकीतून सुटल्यासारखी पुढे गेली, हिसाए पाठीवर. त्सुकुदाने कागदावर फुली मारली.

"झुरळ!" बाकावरून रिए ओरडली. आजूबाजूचे लोक आपल्या पायांखाली बघायला लागले.

दुसऱ्या प्रयत्नाला हिसाएने डोळे मिटले नाहीत, श्वास धरला नाही. पाय हाणला आणि उतरली. सरळ, स्वच्छ, गुडघ्यांत वाकून. सपाटीवर आली तशी चाकांचा आवाजही बदलला. पिवळी भिंत मोठी होत होती, निम्मं मैदान मागे पडलं होतं. आणि उजवीकडून एक फळी, मालकाशिवाय, घरंगळत तिच्या समोरून गेली. तिच्यामागून डॉक्टर शिराइशी धावत आले. देव जाणे हा माणूस नेमका तेव्हाच कुठून उगवायचा. हिसाएला बघून ते दचकून जागीच थांबले.

त्यांची फळी निसटली होती. चूक त्यांची होती. हिसाएला बाजूने जायला भरपूर जागा होती.

पण तिचा एक पाय खाली आला, दुसराही आला, टाचा जुळल्या, हात मांड्यांना लागले. "माफ करा!"

"अगं बये!" रिए बाकावरून उठलीच.

डॉक्टर बिचारे पांढरे पडले. "अहो मोरिवाकीसान, नका हो वाकू, माझं चुकलं, माझी फळी..." असं म्हणत तेही वाकले. भर मैदानात दोघं समोरासमोर वाकलेली, आणि हिसाएची फळी एकटीच पुढे जाऊन भिंतीपाशी थांबली.

मैदानात कुणी हसलं नाही. हिसाए तशीच वाकून थोडा वेळ राहिली, कारण वर बघायची तिला हिंमत होत नव्हती. आपण काय केलं ते तिला कळलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलंही नव्हतं. अंगाने केलं होतं, आणि हे अंग तिनेच एकोणीस वर्षं घडवलं होतं. तिला स्वतःचा इतका राग आला की कान गरम झाले.

ती सरळ झाली. फळी घेऊन आली आणि उताराच्या पायऱ्या चढायला लागली.

"मोरिवाकीसान," त्सुकुदा हळूच म्हणाला. त्याने कागद पाठीमागे धरला होता. "ती फळी मध्ये आली. मी... तसं लिहू शकतो. अडथळा म्हणून. बाकी उतरणं तर झालंच होतं."

"अडथळा नव्हता. जागा होती, तुम्हीही बघितलंय," हिसाए म्हणाली. "फुली मारा."

"मग आता वर कुठे निघालात? दोन झाले. तिसरा धरला जायचा नाही."

"माहीत आहे."

वर मागची तिघं रांगेत उभी होती. हिसाए पोचली तेव्हा पुढची मुलगी नळीवर शेपूट टेकवत होती. हिसाएने तिच्यासमोर तळवा धरला. ट्रक थांबवायचा तसा, कोपर ताठ, बोटं जुळलेली.

"थांबा. आधी मी जाणार आहे."

मुलगी फळी उचलून मागे सरली. हिसाएने तिला मान लववली नाही की हात पुढे केला नाही. तिने आपली फळी नळीवर लावली, शेपूट दाबलं, आणि मैदानाकडे बघून पोटातून आवाज काढला. दगडफोड्या यंत्राच्या वर ऐकू जावा म्हणून कमावलेला तो आवाज गावाने ऐकला होता, पण स्वतःसाठी तिने तो कधी वापरला नव्हता.

"बाजूला व्हा! सगळे बाजूला व्हा! मी येतेय!"

चाकं थांबली. पोरं कडेला झाली. डॉक्टर शिराइशींनी आपली फळी छातीशी कवटाळली आणि ते दोरीला टेकून उभे राहिले. भिंतीपर्यंत वाट मोकळी झाली. मग हिसाए उतरली.

विशेष काही घडलं नाही. त्रेपन्न वर्षांची एक बाई, डोक्यावर शिरस्त्राण, गुडघ्यांना वाट्या, फारशा वेगाने नाही, सत्तावीस मीटर गेली. मध्ये फळी जराशी डगमगली, तिने खांद्यांनी सावरली. भिंत आली तसा तिने उजवा तळवा पुढे केला आणि भिंतीवर थापला.

त्सुकुदाने काही लिहिलं नाही. लिहायला रकानाच नव्हता. फाटकाशी त्याने तिच्या मनगटावरचा नवशिक्यांचा हिरवा पट्टा कात्रीने कापून घेतला, कारण तो परत घ्यायचा नियम होता. कापताना तो जरा जास्तच वेळ खाली बघत राहिला.

रिए बसथांब्यापर्यंत सोबत आली. नेहमी एवढ्या वेळात तिने निदान पाच जणांची खरडपट्टी काढली असती. थांब्यावर आल्यावर म्हणाली, "आता रविवारी मी शिव्या कुणाला घालू?"

"डॉक्टरांना घाल."

"ते रडतील." रिएने नाक पुसलं, डाव्या हाताने, नीट जमलं नाही. "उतरलीस छान. मला वाटलं नव्हतं इतकं छान उतरशील."

बस आली. हिसाए चढली आणि खिडकीशी बसली. रिएने प्लास्टरचा हात वर केला, तेव्हा दुखलं असावं, कारण तिने तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटलेलं काचेतून दिसलं.

घरी कात्सुमीने विचारलं, "मिळालं कार्ड?"

"नाही."

तो काहीतरी बोलणार होता. तोंड उघडलंही होतं. मग त्याची नजर तिच्या हातावर गेली.

"हे काय पिवळं?"

"रंग. भिंत ओली होती."

"कुठली भिंत?"

"पलीकडची."

तो उठून मागे गेला, बोटीवरच्या दिवसांतली टर्पेंटाइनची बाटली आणि चिंधी घेऊन आला. "आण हात. वाळला की निघत नाही."

"राहू दे," हिसाए म्हणाली.

तो बाटली हातात घेऊन उभा राहिला, मग ती त्याने फडताळावर ठेवली आणि भात वाढायला गेला. त्या रविवारी पट्ट्या मात्र त्याने दोनच्या जागी तीन लावल्या.

सोमवारी मासळी बाजाराच्या मागच्या गल्लीत सांडपाण्याच्या नळीचं काम होतं. सकाळी पावणेआठला हिसाए हजर झाली, कठडे मांडले, झेंडे काढले. पिवळ्या तळव्यावर तिने कंपनीचा पांढरा हातमोजा चढवला, मनगटाशी त्याचं बटण लावलं, आणि पहिली गाडी येताना दिसली तशी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली.